तीन बोटं पाणी

“मिस्त्री, याच्यातून जाते काय?”

यवतमाळच्या दारव्हा रोडला एका घराचं काम चालू होतं. प्लास्टर झालेलं, टाइल्स यायच्या होत्या. घरमालक शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि एकेका पाईपाची चौकशी करायचे. चार इंची कुठे निघतो, अडीच इंची कशाला मिळतो, सगळं वहीत. संडासाच्या चार इंचीला वर टी लावून मी एक पाईप छताकडे काढायला घेतला, तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली.

“काहीच जात नाही, गुरुजी. हवा येते-जाते.”

“मंग आता हवेचेही पैसे घेता काय?”

पोरं हसली, मीही हसलो. पण इतक्या वर्षांत या पाईपावरून माझी जेवढी भांडणं झाली, तेवढी नळांवरून झाली नाहीत. नळ, शॉवर, बेसिन ही दिसणारी वस्तू. तिची किंमत माणूस घासाघीस करून का होईना, देतो. छतावर जाऊन उघड्यावर संपणाऱ्या पाईपाचे दोन-अडीच हजार मात्र त्याच्या जिवावर येतात. वर तो घराची शोभा घालवतो, हे वेगळंच.

टाइल्सखाली जातं ते कच्चं फिटिंग. भिंतीला खाचा मारून झाल्या की मी आधी जमिनीवर बसतो. कमोडचा मध्य भिंतीपासून किती, हे तयार टाइल्सपासून मोजायचं असतं. टाइल आणि मसाल्याची इंचभर जाडी विसरलं की कमोड भिंतीला टेकतो आणि टाकीचं झाकण निघत नाही. मग पाणी भरलेल्या नळीने लेव्हल, फुटाला पाव इंच ढाळ, आणि मग ट्रॅप. दुकानदार आणि इंजिनियर त्याला ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. कंपन्यांच्या छापील यादीतही तेच नाव. मला तर ती आपली न्हाणीच वाटते, आणि याचा मला उगाच अभिमान आहे.

या ट्रॅपच्या पोटात ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं. माझे उस्ताद पट्टी लावायचे नाहीत, तीन बोटं आडवी धरून दाखवायचे. “एवढंच पाणी आहे बाप्पा घराच्या आन् टाकीच्या मधात.” सेप्टिक टाकीत मैला कुजतो, त्यातून मिथेन सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो घरात येऊ नये म्हणून ना दार, ना भिंत, फक्त तीन बोटं पाणी. नळी वाकडी करून त्यात पाणी अडवायचं पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं. दिवसभर बारीक चक्रं जुळवणाऱ्यालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. फक्त पाणी अडवून भागत नाही. अडलेलं पाणी तिथे टिकवावंही लागतं, आणि छतावर जाणारा हा पाईप त्याच कामाचा.

गुरुजींना मी विचारलं, “फवारणी पंपाच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजलं तर?”

“पंप ओढत नाही.” घरची कपाशी होती, सांगावं लागलं नाही.

“मग हे तेच छिद्र समजा.”

वरच्या मजल्यावर फ्लश केला की ते पाणी चार इंचीत बोळा होऊन खाली सरकतं. बोळ्यापुढची हवा दाबली जाते, मागे ओढ लागते. पुढच्या दाबाने खालच्या न्हाणीत बुडबुडे येतात. मागची ओढ त्याहून वाईट. तिला वरून हवा मिळाली नाही तर ती सापडेल त्या ट्रॅपमधून घेते, आणि हवेच्या आधी ट्रॅपातलं पाणी ओढून नेते. बायामाणसं म्हणतात ना, “आमची मोरी घोरते”, तो हाच आवाज. मोरी घोरायची थांबली आणि वास सुरू झाला की समजावं, पाणी गेलं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दुमजली घराचं काम अंगावर घेतलं होतं. मालकाने छतावर मंदिरासारखी सुंदर मेघडंबरी बांधलेली, आणि माझा पाईप नेमका तिच्या शेजारी निघत होता. “देवाच्या बाजूले संडासाचा पाईप?” म्हणाले. मला दोन बेंड टाकून तो दुसऱ्या कोपऱ्यात नेता आला असता. मी स्लॅबच्या खालीच कापला, टोपी ठोकली आणि वरून प्लास्टर मारून घेतलं. मालक खूश, मीही खूश. वास्तुशांतीला पाहुणे आले, वरचा संडास दिवसभर चालला, आणि संध्याकाळपर्यंत खालच्या देवघराशेजारच्या न्हाणीतून असा वास सुटला की पंगतीतली माणसं नाकाला रुमाल लावून उठली. पुढे स्लॅबला कोर मारून, प्लास्टर फोडून तो पाईप माझ्या खर्चाने वर काढला. देव एका बाजूला, पाईप दुसऱ्या. तेव्हापासून छताचा कोपरा मी आधी पाहतो, बाथरूम नंतर.

छतावर पाहण्यासारखं पुष्कळ असतं, आणि आमच्या यवतमाळात तर जास्तच. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात लिहिलं आहे की टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल तर हवेचा पाईप इमारतीच्या माथ्यावर २ मीटर न्यावा. इथे तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर टाकी १५ मीटर दूर न्यायची म्हटलं तर ती शेजाऱ्याच्या तुळशीखाली येईल. म्हणजे माथ्यावर २ मीटर हाच नियम. लोक गुडघ्याएवढा ठेवतात. मे महिन्यात मात्र याच छतावर गाद्या पडतात, अंगावर ओली चादर घेऊन अख्खं घर झोपतं, आणि गुडघ्याएवढा पाईप बरोबर उशीच्या उंचीवर श्वास सोडत असतो.

कूलर हा दुसरा वैरी. पुण्या-मुंबईच्या प्लंबरला हे सांगून पटायचं नाही, पण विदर्भात कूलरची जागा पाहिल्याशिवाय पाईपाची जागा ठरवू नये. कूलर म्हणजे मोठं नाक. बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढतो आणि घरात फेकतो. त्या नाकासमोर पाईपाचं तोंड आलं की वाळ्याचा सुगंध राहतो बाजूला. एका घरी तीन दिवस मी ट्रॅप उघडून-उघडून थकलो. चौथ्या दिवशी लाइट गेली, कूलर बंद पडला, वास गेला, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पाईपाच्या तोंडाला जाळी हवीच. आमचा जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला, आणि तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात अंडी घालतो. उघडा पाईप म्हणजे त्याचं जाण्या-येण्याचं दार. आरोग्य खात्याची माणसं दारोदार जाऊन सांगतात, गॅसपाईपाला जाळी बांधा. गावाकडे त्याला गॅसपाईपच म्हणतात. पण काही लोक जाळीऐवजी कॅरीबॅग बांधतात, वर सुतळीचे सात वेढे. डास बंद, हवाही बंद, आणि आठवड्याने मला फोन: “मिस्त्री, मोरी घोरून राह्यली.” मी फोनवरच विचारतो, “पिशवी कोणत्या दुकानाची बांधली?”

उन्हाचं गणितही पाईपात धरावं लागतं. दहा फुटी पीव्हीसी पाईप ३० अंशांच्या फरकाने सहा-सात मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत छतावरचा पाईप याहून मोठा फरक पाहतो. म्हणून रबर रिंगच्या जोडात तो पूर्ण बसवून सेंटिमीटरभर मागे ओढायचा. नव्या पोरांना हे पटत नाही, त्यांना घट्ट ठोकण्यात मर्दुमकी वाटते.

पण हवेचा पाईप कितीही नीट लावला तरी एका गोष्टीपुढे त्याचा इलाज नाही: ट्रॅपातलं पाणी नुसतं सुकून जाणं. उन्हाळ्यात माणसं मुलाकडे पुण्याला जातात, घर महिना-दोन महिने बंद. परत येऊन कुलूप उघडतात तो वास दारातच उभा. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त लोकांना झाली. तपास करणाऱ्यांनी ज्या कारणांवर बोट ठेवलं त्यात बाथरूमचे सुकलेले फ्लोअर ट्रॅप होते. हे वाचलं त्या रात्री मी उठून आमच्या पाहुण्यांच्या न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून आलो.

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं आटली. टँकरमागे ड्रमांच्या रांगा. त्या दिवसांत एका काकूंचा फोन आला, घरात फार वास येतो म्हणून. गेलो. पाईप ठीक, जाळी ठीक, न्हाणीचा ट्रॅप ठणठणीत कोरडा. त्या आंघोळ टबात बसून करायच्या, पाणी झाडाला. न्हाणीत थेंब पडत नव्हता.

“काकू, रोज दोन मग पाणी ओता याच्यात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दोन मग? अरे बापू, दोन मगात माझी भांडी होतात.”

मला उत्तर सुचेना. ज्या पाण्यासाठी मी स्लॅब फोडतो, छतावर चढतो, लोकांशी भांडतो, ते पाणी मी त्यांच्याकडे मागत होतो. शेवटी म्हणालो, भांड्यांचं शेवटचं पाणी खरकटं गाळून इथे टाका, आणि वरून चमचाभर तेल सोडा. तेलाची साय धरली की पाणी उडायला वेळ लागतो. काकू आत गेल्या, भांडं घेऊन आल्या, मोजून ओतलं. तेल मात्र अर्धाच चमचा.

गुरुजींचं काम पुढे चार दिवसांत उरकलं. पाईप छतावर २ मीटर काढला, कूलरच्या खिडकीपासून लांब, पूर्वेच्या कोपऱ्यात. खालची तोंडं उघडी होती, ट्रॅप लावायचे होते. दुपारचे तीन, छतावरचा पाईप हात लावू देत नव्हता. मी देवापुढची उदबत्ती मागितली, पेटवली आणि न्हाणीच्या उघड्या पाईपापाशी धरली. धुराची रेघ आधी सरळ वर गेली, मग वाकली आणि पाईपात शिरली.

गुरुजी चष्मा सावरत खाली बसले.

“आन् हा धूर वरून निघन?”

“छतावर जाऊन पाहा ना.”

ते खरंच जिना चढून गेले, वही घेऊन.