सूर्यफुलाची पाठ

प्रत्येक धर्मगुरूजवळ काही ठेवणीतले दाखले असतात. तयारीला सवड मिळाली नाही, ऐन वेळी काही सुचले नाही, की जुन्या छत्रीसारखे ते खुंटीवरून काढावेत आणि उघडावेत. माझी अशी एक छत्री होती, सूर्यफुलाची. सकाळी हे फूल पूर्वेकडे पाहते, माध्यान्ही मान वर करते, सायंकाळी सूर्याबरोबर पश्चिमेकडे वळते. त्याची दृष्टी सूर्यावरून क्षणभरही ढळत नाही. आपणही प्रभूकडे असेच मुख लावून राहावे, असा तो दाखला. सेमिनरीत असताना कोणत्या तरी आध्यात्मिक पुस्तकात मी तो वाचला होता. पुढे पंचवीस वर्षे लग्नाच्या मिस्सेत, मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, सिस्टरांच्या रौप्यमहोत्सवात मी तो सांगत आलो. लोक माना डोलवीत. आमच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लोक सोशिक आहेत.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी तो दाखला पुन्हा एकदा सांगून झाला. मिस्सा संपल्यावर मी वस्त्रे उतरवीत असताना एक वृद्ध बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सारे गाव त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

"फादर, राग येणार नसंल तर एक बोलू का?"

"बोला की, आत्या."

"तुम्ही म्हणता तसं सूर्यफूल करीत न्हाई. लहान हाय तवर करतं. एकदा का फुललं, मंग न्हाई. आमच्या रानात चार ओळी हायेत घरच्या तेलापुरत्या. दिस मावळताना या अन् बघा."

संध्याकाळी मोटारसायकल काढून मी गेलो. रस्ता त्यांच्या शेताच्या पश्चिमेकडून जातो. कांद्याच्या वाफ्यांपलीकडे त्या चार ओळी उभ्या होत्या. सूर्य माझ्या मागे, क्षितिजावर टेकलेला. आणि माझ्यासमोर एकही पिवळी पाकळी धड दिसत नव्हती. दिसत होत्या त्या नुसत्या हिरव्या पाठी. शंभर-दीडशे फुले मावळत्या सूर्याकडे पाठ फिरवून, पूर्वेकडे तोंड करून, स्वस्थ उभी होती. आत्या बांधावर बसून माझ्याकडे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

घरी आल्यावर मी वाचू लागलो. आत्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. कोवळ्या रोपाच्या देठाची पूर्वेकडील बाजू दिवसा अधिक वाढते, त्यामुळे शेंडा पश्चिमेकडे झुकतो. रात्री पश्चिमेकडील बाजू अधिक वाढते आणि पहाटेपूर्वी शेंडा पुन्हा पूर्वेला येतो. देठाची वाढ संपली की हे वळणेही संपते आणि उमललेले फूल पूर्वेकडे तोंड करून कायमचे स्थिरावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचे कारणही मांडले. पूर्वाभिमुख फूल सकाळच्या उन्हात लवकर तापते आणि उबदार फुलाकडे मधमाश्या अधिक येतात. कुंड्या फिरवून काही फुले त्यांनी मुद्दाम पश्चिमाभिमुख केली, तेव्हा सकाळच्या वेळी पूर्वेकडे पाहणाऱ्या फुलांवर पाचपटींपर्यंत अधिक माश्या आढळल्या.

मग माझा दाखला आला कोठून? ओव्हिड या रोमन कवीने सूर्यावर प्रेम करणाऱ्या एका अप्सरेची कथा सांगितली आहे. सूर्याकडे टक लावून पाहता पाहता ती फूल होऊन गेली. परंतु ओव्हिडला सूर्यफूल ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेतील. तेथील आदिवासींनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आणली. ते तिच्या बियांचे पीठ करीत, तेल काढीत, रंग बनवीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. नवे फूल आले आणि जुनी कथा त्याला चिकटली. पुढे ती भक्तिपर पुस्तकांत शिरली, आणि तेथून माझ्या प्रवचनात.

परंतु मला खरी लाज वाटली ती निराळ्या कारणाने. मी पुस्तकातल्या सूर्यफुलावर बोलणारा शहरी मनुष्य नाही. माझे बालपण सूर्यफुलात गेले आहे. पाथर्डी तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन होती. १९८०च्या दशकात वडील तिच्यात सूर्यफूल पेरीत. दाणा भरू लागला की पोपटांचे थवे उतरत, आणि शाळा सुटल्यावर हातात गोफण व फुटका डबा घेऊन मी राखणीला बसे. लिंबाचे झाड पश्चिमेच्या बांधावर होते. त्या सावलीत बसलेल्या मला काय दिसत असे? फुलांच्या पाठी! संध्याकाळचे ऊन त्या हिरव्या पाठींवर पडलेले मला आता लख्ख आठवते. डोळ्यांनी पाहिलेले पुस्तकाने पुसून टाकले आणि मी ते पुसू दिले.

वडिलांच्या रानात हे पीक आले तेही मोठा फेरा घेऊन. युरोपात दीर्घकाळ ते बागेची शोभा होते. रशियात मात्र ते अन्न झाले. तेथील ऑर्थोडॉक्स चर्चच्या दीर्घ उपवासांत लोणी आणि चरबी वर्ज्य असे, म्हणून वनस्पतींच्या तेलाला मागणी होती. १८२९ साली अलेक्सेयेव्का गावच्या बोकार्योव नावाच्या एका भूदास शेतकऱ्याने या बियांतून तेल गाळले, आणि काही वर्षांतच तेथे तेलघाणे उभे राहिले. विसाव्या शतकात पुस्तोवोईत या शास्त्रज्ञाने निवड करीत करीत बियांतील तेलाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावरून निम्म्यापर्यंत नेले. तीच रशियन वाणे १९६९ साली तेलबियांचे पीक म्हणून भारतात आली. कॅनडातील मॉर्डन गावच्या केंद्रातून एक बुटके, लवकर येणारे वाण आले. आमच्या शेतकऱ्यांनी त्याचे 'मॉडर्न' करून टाकले. पुढे सोलापूरच्या संशोधन केंद्राने 'भानू' दिले. आमच्या जिल्ह्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचे, म्हणजे विद्यापीठ आणि हे पीक जवळजवळ एका वयाचे.

नगरच्या हलक्या पावसाला ते मानवले. तीन-सव्वातीन महिन्यांत हाती येई, आणि खरीप, रब्बी, उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत जमे. तोवर आमच्याकडे तेल म्हणजे करडईचे. आजीने नव्या तेलाला शेवटपर्यंत नाक मुरडले. "ह्याला वासच न्हाई" ही तिची तक्रार. वडिलांना मात्र ते आवडले. तेल घरी, पेंड गुरांना, वाळलेली ताटे चुलीला. त्या ताटातला पांढरा गाभा बुचापेक्षाही हलका असतो. पाण्यावर तरंगण्याची पेटीजाकिटे भरण्यास तो एके काळी वापरीत, हे मी पुष्कळ पुढे वाचले. आम्ही पोरे त्याच्या होड्या करून डोणीत सोडीत असू.

या पिकाची एक खोड होती. फूल मोठे, दाणे टपोरे दिसत, पण हाताने चेपले तर आत काही नाही. आमच्याकडे त्याला पोचट म्हणतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः शेकडो बारीक फुलांचे एक कुटुंब असते. कडेच्या पिवळ्याधमक पाकळ्यांना दाणा धरतच नाही. दाणा धरतो तो मधल्या काळपट, दुर्लक्षित फुलांत. त्यांतही स्वतःच्याच परागावर दाणा भरणे कठीण. दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो, आणि तो आणणारी मधमाशी. फवारण्या वाढल्या, माश्या कमी झाल्या. तेव्हा कृषी खात्याच्या माणसाने वडिलांना उपाय सांगितला. सकाळी आठ ते अकरा या वेळात हाताला मऊ कापड गुंडाळून ते एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हळुवार फिरवायचे. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा हाताला बांधून वडील ओळीओळीने फिरत. तापल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवावा, तसा तो हात फिरे. शाळेतले सवंगडी बांधावरून हसत, म्हणून मी तिकडे पाहण्याचे टाळी.

हंगामाच्या शेवटी वडील दाणा दातांखाली फोडून पाहत. व्यापाऱ्याने वजन करण्याआधी त्यांचा निकाल झालेला असे.

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात देशात पंचवीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सूर्यफूल होते. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, पुढे तिच्यावरचा करही उतरत गेला. स्वस्त तेलापुढे आमच्या दाण्याला भाव उरला नाही. रोगांनी आणि पाखरांनी उरलेसुरले नेले. आज त्या क्षेत्राचा अगदी थोडा अंश शिल्लक आहे. एका वर्षी वडिलांनी बियाणे आणलेच नाही. मी तेव्हा पुण्याला सेमिनरीत होतो. सुट्टीत आलो तर रान मोकळे होते. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. माझ्या गुरुदीक्षेच्या आदल्या रात्री मात्र अंगणात बाजेवर बसून ते एवढेच म्हणाले, "लोकांपुढं उभा ऱ्हाशील. बोलणं पोचट नको होऊ देऊ."

आम्ही पेरणे सोडले, तरी तेल खाणे सोडले नाही. ते परदेशातून, प्रामुख्याने युक्रेन आणि रशियातून, येऊ लागले. १९९६ च्या जूनमध्ये युक्रेनमधील पेर्वोमाइस्क येथे, जेथे अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रे ठेवलेली असत त्या जागी, अमेरिका, रशिया आणि युक्रेन यांच्या संरक्षणमंत्र्यांनी सूर्यफुले लावली होती. शस्त्रांच्या जागी शेत, ही त्यामागील भावना. २०२२ साली त्याच भूमीवर युद्ध पेटले, आणि आमच्या गावच्या दुकानात तेलाच्या पिशवीचा भाव भडकला. स्वयंपाकघरात बायका हिशेब करू लागल्या. जे दाणे कधी आमच्या रानात भरत होते, त्यांच्यासाठी आम्ही हजारो कोसांवरील रणभूमीवर अवलंबून होतो. चार ओळी लावणाऱ्या आत्यांना हे कोणी शिकविले नव्हते. त्यांनी त्याच वर्षी सांदीकोपऱ्यातले बी शोधून काढले होते.

पुढील रविवारी मी वेदीसमोर उभा राहून सांगितले की, गेली पंचवीस वर्षे मी तुम्हाला चुकीचे सांगत आलो. थोडी कुजबुज झाली. मग मी आत्यांच्या शेतात पाहिलेले सांगितले. कोवळेपणी हे झाड सूर्यामागे दिवसभर धावते. मीही तरुणपणी तसा धावलो, प्रत्येक शिबिर, प्रत्येक सभा, प्रत्येक नवी योजना. परंतु दाणा भरण्याची वेळ येते तेव्हा ते धावणे थांबते. उजेड जेथून प्रथम येतो ती दिशा त्याला एव्हाना ठाऊक झालेली असते. प्राचीन ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करीत, तेही याच भावनेने. रात्रभर सूर्य दिसत नसला तरी तो कोठून येणार याविषयी त्यांना शंका नसे. मग जसजसा दाणा भरतो तसतशी मान खाली झुकते. आणि दाणा भरतो तोही एकट्याच्या बळावर नव्हे. कोणाची तरी माशी यावी लागते, कोणाचा तरी लुगड्याचा तुकडा बांधलेला हात फिरावा लागतो.

वडिलांविषयी मी त्या दिवशी प्रथमच प्रवचनात बोललो. बांधावरून हसणाऱ्या पोरांकडे पाहून मी मान फिरविली होती, हेही सांगितले. ते ऐकायला वडील नव्हते.

एप्रिलमध्ये पीक निघाले. आत्यांनी एक वाळलेले फूल कागदात गुंडाळून आणून दिले. चांगले वितीएवढे होते. मी त्यातले तीन दाणे काढून दातांखाली फोडले. दोन भरलेले होते, एक पोचट.

"चालायचंच, फादर," आत्या म्हणाल्या. "दोन भरले की."