‘जुदा’ या क्रियापदाविषयी



कोरियन भाषेतील ‘जुदा’ या क्रियापदाचा अर्थ ‘देणे’ इतका सरळ असताना त्याची वाक्ये पुन्हा पुन्हा का चुकतात, असा प्रश्न आपल्या पत्रात आहे. या चुकांचे मूळ बहुधा मराठीच्या जवळिकीतच सापडते. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि दोन्हींत ‘देणे’ हे साहाय्यक क्रियापद म्हणून, म्हणजे मुख्य क्रियेला एखादी अर्थच्छटा जोडण्यासाठी, वापरले जाते. त्यामुळे ‘सा जुदा’ म्हणजे ‘विकत घेऊन देणे’ हे मराठी भाषकाला आयतेच उमगते. मात्र कोरियनमधील ही छटा उपकाराची असून, कोणाच्या हातात काही पडले नाही तरी ती लागू होते. ‘जरा थांबा’ असे सौजन्याने सांगताना ‘गिदार्यॉ जुसेयो’ म्हणतात, जिथे मराठीत ‘थांबून द्या’ म्हणणे शक्यच नाही. टॅक्सीचालकाला ठिकाण सांगून ‘गा जुसेयो’ म्हटले, तर त्यात तिकडे नेण्याची विनंती असते, ‘जाऊ द्या’मधली परवानगी नव्हे.

खरी अडचण आदरार्थाची आहे. ‘आजींनी पुस्तक दिले’ या वाक्यात मराठी क्रियापद पुस्तकाशी जुळते आणि आजींचा मान नामाच्या अनेकवचनी रूपापुरता उरतो. कोरियनमध्ये देणारी व्यक्ती आदरणीय असेल, तर ‘शि’ हा आदरदर्शक प्रत्यय लागून ‘जुशिदा’ होते. घेणारी आदरणीय असेल, तर क्रियापदच बदलून ‘दुरिदा’ येते. म्हणून नातवाने आजींना दिले, तर ‘हाल्मॉनी-क्के दुर्यॉस्सॉयो’, आणि आजींनी दिले, तर ‘हाल्मॉनी-क्केसॉ जुश्यॉस्सॉयो’. शिक्षकांनी आपल्याला काही दिले हे सांगताना ‘दुरिदा’ वापरणारा विद्यार्थी नकळत स्वतःलाच मान देऊन बसतो.

याहून सूक्ष्म भेद अप्रत्यक्ष कथनात, म्हणजे दुसऱ्याची मागणी आपल्या शब्दांत सांगताना, दिसतो. मागणाऱ्याला वस्तू स्वतःसाठी हवी असल्यास ‘दाल्लागो’, तिसऱ्या कोणाला द्यावी असे त्याचे म्हणणे असल्यास ‘जुरागो’. हा भेद पुढे कधीतरी शिकू म्हणून बाजूला ठेवणे योग्य नाही.

बोलण्यातील कोरियन वाक्यात देणारा आणि घेणारा हे दोघेही पुष्कळदा गाळलेले असतात आणि ते कोण, याचा माग क्रियापदाच्या रूपावरूनच काढावा लागतो. म्हणून आपण ही रूपे पाठ करताना प्रत्येक वाक्याशेजारी त्या दोघांची नावे लिहून ठेवावीत.