तारण नसलेला खेळाडू

कर्जविभागात नोकरी केलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आलं, तरी त्यातली जोखीम आधी दिसते. माझी ही खोड फुटबॉल बघतानाही सुटली नाही. वेस हूलाहन हा आयरिश मिडफिल्डर माझ्या मनात घर करून बसला, तोही तिच्यामुळेच.

2011 मध्ये नॉर्विच सिटी प्रीमियर लीगमध्ये आली, तेव्हा शनिवारच्या संध्याकाळी तो टीव्हीवर दिसू लागला. उंची जेमतेम साडेपाच फूट, वेग बेताचा. पण चेंडू डाव्या पायाशी आला की समोरच्या धिप्पाड गड्याला कळायच्या आत हा वळलेला असे, आणि दोघांच्या मधल्या फटीतून पास निघून गेलेला असे. कुणी नवखा पोरगा असेल असं वाटलं. निघाला एकोणतिशीचा.

मग त्याची मागची वाटचाल वाचून काढली. जन्म डब्लिनचा, 1982 चा. आयर्लंडची गुणी मुलं तेव्हा इंग्लंडचे क्लब मिसरूड फुटायच्या आधीच उचलत. हा मागे राहिला. डब्लिनच्याच शेलबर्नकडून त्याने आयर्लंडची लीग जिंकली. 2006 मध्ये स्कॉटलंडचं लिव्हिंगस्टन, मग ब्लॅकपूल, 2008 मध्ये नॉर्विच. पुढच्याच वर्षी नॉर्विच तिसऱ्या श्रेणीत घसरलं आणि मोसमाच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर कोलचेस्टरकडून 1-7 असं हरलं. नॉर्विचने मग कोलचेस्टरचा व्यवस्थापक पॉल लॅम्बर्ट यालाच आपल्याकडे आणलं.

लॅम्बर्ट हूलाहनला लिव्हिंगस्टनपासून ओळखत होता. त्याने मधल्या फळीतल्या चौघांना हिऱ्याच्या आकारात उभं केलं आणि पुढच्या टोकावर, आघाडीवीरांच्या पाठीशी, याला ठेवलं. चेंडू हिसकायची धावपळ मागच्या तिघांनी करायची, वाट याने शोधायची. लागोपाठच्या दोन मोसमांत दोन श्रेणी वर चढून संघ प्रीमियर लीगमध्ये पोचला. लॅम्बर्टने जोखीम टाळली नव्हती, तिला नीट आधार दिला होता. चांगला कर्ज-अधिकारी हेच करतो.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा हिशेब मात्र वेगळा होता. प्रशिक्षक जोव्हानी त्रापात्तोनी हे इटलीचे मुरब्बी गृहस्थ. आधी गोल खायचा नाही, मग बाकीचं. मे 2008 मध्ये कोलंबियाविरुद्ध त्यांनी हूलाहनला बदली खेळाडू म्हणून उतरवलं. दुसरा सामना त्याला मिळाला नोव्हेंबर 2012 मध्ये. मधल्या काळात तो तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत पोचला होता, आणि आयर्लंड त्याच्याशिवाय युरो 2012 खेळून आलं होतं. तीन सामने, तीन पराभव, नऊ गोल खाल्ले, एक केला. सावधगिरीचा हा भाव स्वस्त नव्हता.

आमच्या कर्ज-समितीत एक अलिखित नियम होता: बुडालेल्या कर्जाची चौकशी होते, नाकारलेल्या अर्जाची होत नाही. नाकारलेला माणूस पुढे मोठा कारखानदार झाला, म्हणून कुणाची बढती अडलेली मी पाहिली नाही. त्यामुळे शंका आली की नकार, हे शहाणपण ठरून गेलं होतं.

क्लबमध्येही त्याचे दिवस फिरले. जानेवारी 2014 मध्ये त्याला लॅम्बर्टकडे, अॅस्टन व्हिलात, जायचं होतं. नॉर्विचने सोडलं नाही आणि फारसं खेळवलंही नाही. त्या मोसमात संघ खाली गेला. वर्षभराने वेम्बलीवर जिंकून परतला, तेव्हा हूलाहन पुन्हा संघाच्या मध्यभागी होता.

युरो 2016 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याला पहिल्यांदा मोठी स्पर्धा मिळाली. स्वीडनविरुद्ध गोल त्यानेच केला. पण माझ्या लेखी खरी परीक्षा इटलीविरुद्धची. लील शहरातला तो सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. आयर्लंडला विजय हवाच होता, आणि हूलाहन बाकावर. शेवटच्या पाव तासात तो उतरला. 84 व्या मिनिटाला समोर फक्त गोलकीपर सिरिगू असताना त्याने चेंडू सरळ त्याच्या हातात मारला. एवढी चूक झाल्यावर बहुतेक खेळाडू जवळचा सोपा पास देऊन अंग चोरतात. याने पुढच्याच मिनिटाला उजवीकडून चेंडू बचावफळीच्या मधोमध असा सोडला की धावत आलेल्या रॉबी ब्रेडीला फक्त डोकं लावायचं उरलं. 1-0. ज्याच्यावर धोक्याचा शिक्का होता, त्याचं मन त्या मैदानावर सर्वांत स्थिर होतं.

तरी शिक्का पुसला गेला नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये विश्वचषकाच्या पात्रतेसाठी डब्लिनमध्ये डेन्मार्कशी गाठ होती. संघ मागे पडल्यावर, मध्यंतरानंतर त्याला उतरवलं. सामना 1-5 असा गेला. काही महिन्यांत त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. नॉर्विचमध्ये दहा वर्षांनंतर घरच्या शेवटच्या सामन्यात लीड्सविरुद्ध गोल करून निरोप घेतला. तिथेही तो थांबला नाही: वेस्ट ब्रॉम, ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल, मग केंब्रिज युनायटेड. 2021 मध्ये, अडतिशीत, केंब्रिजला चौथ्या श्रेणीतून वर काढणाऱ्या संघाचा मेंदू तोच होता. जो कधी पळण्याच्या जोरावर खेळलाच नाही, त्याला वयाने मंदावणं फारसं महाग पडत नाही.

2022 मध्ये तो थांबला, आणि त्याच सुमारास मीही निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणांत माझ्या काळातल्या थकबाकीचं प्रमाण किती कमी होतं, याचं कौतुक झालं. कौतुक खरं होतं, पण अर्धं. नाकारलेल्या अर्जदारांचं पुढे काय झालं, हे बँकेच्या ताळेबंदात येत नाही. हूलाहनच्या नावापुढे 43 आंतरराष्ट्रीय सामने लिहिलेले आहेत. न खेळवलेली ती साडेचार वर्षं कुणाच्या नावे टाकायची, हे आयरिश फुटबॉलच्या वहीतही लिहिलेलं नाही.