नितळ पाणी

वाळू खरखरते, पोयटा चिमटीत मैद्यासारखा लागतो, चिकणमाती बोट सोडत नाही. हे मला डोळे मिटून कळायचं. सिमेंटनं बोटांची कातडी मारली. गेल्या पावसाळ्यात खडवलीच्या एका बंगल्याच्या तळघरात गाळ चोळला आणि बोटं गप्प राहिली. हाताखालच्या पोरानं तोच गाळ बरणीभर पाण्यात ढवळून ठेवला. वाळू लगेच बसली, पोयट्याला काही तास लागले, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात होती. बरणीचं उत्तर बरोबर होतं. मला ते सोसलं नाही.

भातसा नदी चढली की काठच्या जमिनीतलं पाणीही वर येतं आणि तळघराला चहूबाजूंनी दाबतं. ते पाणी काढायला पंप पुरतो. माझी झोप उडते ती त्याबरोबर येणाऱ्या मातीनं. पंपाचं पाणी तासन्‌तास गढूळच पडत असेल, तर फरशीखालची, पायाखालची जमीन निघून चालली आहे. मालक धार बघतो, मी रंग बघतो. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, एवढंच हे काम, आणि तेच जमता जमत नाही.

गाळणीचा नियम तर्झागी या अभियंत्यानं कधीच घालून दिला आहे: गाळणीतला बारीक कण मातीतल्या जाड कणाच्या चार-पाच पटींहून मोठा नको. पण साइटवर येते क्रश सँड, नाहीतर थेट पाऊण इंची खडी. मधला माल मी चाळून काढतो. मातीला लागून बारीक वाळू, मग जाड, मग खडी, तिच्या पोटात भोकांचा पाइप.

हल्लीचे ठेकेदार पाइपला कापड गुंडाळतात आणि दांडगा पंप बसवतात. बारीक गाळानं कापड बुजतं. पंप पाणी झपकन ओढतो, मग माती आणखी जोरात सुटते. कोणी आतून केमिकल फासतं, भिंतीमागचा दाब तसाच. यांचा मला राग येतो. त्यांची बिलं लवकर निघतात, याचा हेवाही वाटतो.

माझं सगळं काम फरशीखाली जातं. म्हणून कोबा घालण्याआधी मी मालकाला बोलावून थर दाखवतो. गरज नसते. कुणीतरी वाकून बघावं आणि हे हातानं चाळलंय का, असं विचारावं, एवढ्यासाठी.