मला लागणारी गोळी

पुणे, १२ एप्रिल

प्रिय ताई,



फोनवर हे सगळं सांगणं होत नाही. तुझ्याकडे रात्र असते, माझ्याकडे घरात माणसं असतात, आणि तू 'कशी आहेस' विचारलंस की माझ्या तोंडून 'बरी आहे' एवढंच निघतं. म्हणून पत्र. स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिते आहे. वीस मिनिटांच्या वर बसलं की डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ उतरते. हल्ली प्रुफंही अशीच उभ्याने तपासते.

दिवाळीनंतर तुझा फोन आला होता. बोलता बोलता मी गोळीचं नाव घेतलं, ट्रामाडोल, आणि तू एकदम गप्प झालीस. मग म्हणालीस, "ती आजच्या आज बंद कर. आमच्या ओहायोत याच जातीच्या गोळ्यांनी घरंच्या घरं गेली." फोन ठेवला आणि मी ती खरोखरच बंद केली. पुढे काय झालं ते तुला सांगितलं नाही. आज सांगते.

माझ्या मणक्याच्या ऑपरेशनला आता चार वर्षं होतील. पायातली बधिरता गेली, दुखणं राहिलं. ही गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली होती: साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रामाडोल, सोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सकाळ-संध्याकाळ एकेक. दहा दिवस संपले तेव्हा पुढे घे असं कुणी सांगितलं नाही आणि थांबव असंही कुणी सांगितलं नाही. दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार. गेल्या दसऱ्यापर्यंत मी दिवसाला सहावर पोचले होते, आणि सहा गोळ्यांनी जेवढं दुखणं कमी व्हायचं तेवढं पहिल्या वर्षी दोनांनी होत होतं. नियमाने ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. पण आमच्या जवळच्या मेडिकलमध्ये माझी चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली ती पाहिली. एक दिवस मी पायरी चढायच्या आतच त्या मुलाने स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. "काकू, तुमची." त्याने आपुलकीनेच म्हटलं असेल, पण मला भररस्त्यात कुणी पदर ओढावा तसं झालं. घरी येऊन ती स्ट्रिप भिंगाखाली धरली. लाल चौकट, तिच्यात बारीक टाइपातली सूचना. तीस वर्षं मी लोकांचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचते आहे, आणि दिवसातून सहा वेळा हातात येणारा हा मजकूर मी कधी वाचलाच नव्हता.

तर तू सांगितलंस त्या शुक्रवारी गोळी बंद केली. शनिवारी दुपारपासून जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक गळायला लागलं. सर्दी असेल म्हणून मी काढा घेतला. रात्री अंगावर काटा उभा राहिला तो जाईना, पांघरूण घेतलं तर घाम, काढलं तर थंडी. पोट बिघडलं. पाय कुठे ठेवावेत तेच कळेना. पलंगावर, जमिनीवर, भिंतीला उंच लावून, कसेही ठेवले तरी हलवावेसेच वाटत. रविवारी मध्येच डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं आणि कारण नसताना रडू फुटायचं. पाठ तर अशी पेटली की ऑपरेशनच्या आधीही तशी नव्हती. हे म्हणाले, डेंग्यूची तपासणी करून घेऊ. रविवारी रात्री अडीच वाजता मी उठले, चष्म्याच्या जुन्या डबीत लपवलेली एक गोळी काढली आणि घेतली. तासाभरात सगळं निवलं. पाय, पोट, रडू, सगळंच. मी आरामखुर्चीत बसून होते आणि मला जन्मात वाटली नसेल एवढी भीती वाटत होती.

सोमवारी ह्यांना डबी दाखवली. ह्यांना मी दोन गोळ्या सांगितल्या होत्या, सहा नव्हे. हे रागावले नाहीत. म्हणाले, "चल, नीट दाखवू."

जिच्याकडे गेलो ती बाई मुळात भूलतज्ज्ञ आहे, आता जुनाट दुखण्यांचंच बघते. आधी तिने सांगितलं की असं एका दिवसात बंद करणं चूक होती. शरीर स्वतःसाठी थोडं वेदनाशामक रोज तयार करत असतं. बाहेरून रोजचा पुरवठा सुरू झाला की मेंदू त्या हिशोबाने आपली घडी बसवतो, आणि पुरवठा अचानक तुटला की दाबलेलं सगळं एकदम उसळतं. त्यात ट्रामाडोलची गंमत नाही, अडचण अशी की ते अफूच्या जातीच्या औषधांसारखं काम करतंच, शिवाय नैराश्यावरच्या काही गोळ्यांसारखंही करतं. म्हणून सोडताना दोन्हींचा त्रास. मला येणारं रडू त्यातलं होतं. आणि हे शरीराचं सरावणं आहे, ते कुणाचंही होईल. व्यसन ही वेगळी गोष्ट, असं तिने ठासून सांगितलं. तेवढ्यावर मी उठून आले असते तर किती बरं वाटलं असतं.

पण तिने पुढे विचारलं, "दुखत नसताना कधी घेतली आहे का?"

ताई, आई गेली त्या आठवड्यात तू तिकिटाच्या धावपळीत होतीस. तेराव्याच्या आदल्या रात्री सगळे झोपले होते. माझी पाठ त्या रात्री दुखत नव्हती. आईची पातळं घडी करून ठेवत होते आणि मी एक गोळी जास्त घेतली. नंतर आणखी दोन-तीनदा. मुलाशी भांडण झालं तेव्हा, आणि दिवाळी अंकाच्या एका पानावर परिच्छेद दोनदा छापला गेला तेव्हा. ती चूक माझ्या हातून, गोळीच्याच गुंगीत निसटली होती. मी हे तिला सांगितलं. तिने लिहून घेतलं, चेहरा बदलला नाही. म्हणाली, "आता सांगितलंत हे चांगलं झालं. ती बाजू आपल्याला सांभाळायची आहे."

'मला दिवसाला सहा लागतात' असं मी तिला म्हटलं होतं. घरी येताना रिक्षात तेच क्रियापद डोक्यात फिरत होतं. भूक लागते, तहान लागते, आणि नादही लागतोच. माझं लागणं यातलं कुठलं, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. गेल्या महिन्यात एका आरोग्यपुस्तिकेची प्रुफं आली, तिच्यात शरीराचं सरावणं आणि व्यसन या दोन्हींना सरसकट 'व्यसनाधीनता' हाच शब्द होता. मी समासात प्रश्नचिन्ह टाकून दोन वेगळे शब्द सुचवले. सुचवताना मला ठाऊक होतं की या दोन शब्दांच्या मध्ये भिंत नाही, बांध आहे, आणि मी तो एक-दोनदा ओलांडलेला आहे.

तू या औषधांना विष म्हणालीस, तिथे मात्र माझं मन तुझ्यामागे येत नाही. अण्णा आठव. १९९६ चा उन्हाळा, सांगलीच्या घराची मागची खोली. कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलायची वेळ आली की पंच्याचा बोळा स्वतःच्या हाताने तोंडात घालायचे, पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून. डॉक्टर भले होते, पण मॉर्फिन कुठे मिळेल हे त्यांनाही सांगता आलं नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांची अशी माळ लागली होती की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं; पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. अफू मात्र आपल्याच देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने पिकत होती आणि औषधासाठी परदेशात जात होती. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं झगडली तेव्हा २०१४ साली कायदा सैल झाला. अण्णांच्या उपयोगाचं ते नव्हतं. अण्णांना जे मिळालं नाही त्याला मी विष म्हणू शकत नाही.

आणि त्याच १९९६ साली तुझ्या अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्याच जातीचं औषध बाजारात आलं. तुझ्या फोननंतर मी त्याबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं. त्यात एका पत्राची हकिकत आहे, ती माझ्या मनातून जात नाही. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बोस्टनच्या दोघांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. हॉस्पिटलात अशी औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. हॉस्पिटलातले रुग्ण, नर्सच्या हातून औषध. घरी नेऊन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. पण पुढे लेखांमागून लेखांत तेच पत्र 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून दाखवलं गेलं. २०१७ साली कुणी मोजलं तर ६०८ ठिकाणी त्याचा दाखला निघाला, आणि ते हॉस्पिटलातले रुग्ण होते हे बहुतेकांनी लिहिलंच नव्हतं. आमच्या धंद्यात मूळ प्रत उघडून न बघता संदर्भ पुढे ढकलणं हे पाप मानतात. तिथे ते पाप माणसांच्या जिवावर गेलं. ऑक्सिकॉन्टिनच्या कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, तोवर तुझ्या राज्यातलं पोर्ट्समथसारखं गाव गोळ्यांच्या दवाखान्यांनी पोखरून गेलं होतं.

मग तिकडे लंबक उलटा गेला. २०१६ नंतर डॉक्टर घाबरले, कित्येकांनी जुन्या रुग्णांच्या गोळ्या एका फटक्यात तोडल्या. काहींना रस्त्यावरचा माल घ्यावा लागला, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनालाच जाहीर सांगावं लागलं की अचानक बंद करू नका. तू मला जे सांगितलंस ते प्रेमाने सांगितलंस, पण ते याच घाबरण्यातलं होतं. यापुढे कुणाला तसं सांगू नकोस. तुझ्या ओळखीत कुणी अशा गोळ्यांवर असेल तर 'बंद कर' म्हणू नकोस, 'मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येते' म्हण.

वाचलेल्यात आणखी एक होतं, त्याने मी दोन दिवस खचले होते. २०१८ साली तिथल्या निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत पाठ, गुडघे, खुबे दुखणाऱ्या २४० जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला. निम्म्यांना अफूच्या जातीची औषधं, निम्म्यांना दुसरी साधी. वर्षाअखेर पहिल्या गटाचं हिंडणं-फिरणं दुसऱ्यापेक्षा काही जास्त सुधारलं नव्हतं, दुखणं तर किंचित जास्तच होतं. म्हणजे चार वर्षं मी ज्या गोळीसाठी खोटं बोलले तिने मला फारसं काही दिलंच नसेल. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "असू शकतं. कमी केल्यावर कळेल." काहींचं दुखणं या गोळ्यांनीच धारदार होतं, असंही त्या म्हणाल्या.

कमी करायचं ठरलं ते महिन्याला अर्धी गोळी. डिसेंबरात साडेपाच, जानेवारीत पाच. फेब्रुवारीत दुखणं उसळलं म्हणून तिथेच थांबले. थांबायची मुभा आहे, वर चढायची नाही. मार्चमध्ये साडेचार. गोळ्या आता ह्यांच्या कपाटात असतात, रोज सकाळी चहाबरोबर ते दिवसाच्या मोजून देतात. पहिले काही दिवस मला ते फार लागलं, लहान मुलाला खाऊ द्यावा तसं. आता आम्ही त्याच वेळी पेपर वाचतो. चिठ्ठी दर महिन्याला नवी घेते. मेडिकल बदललं. व्यायामाला एक मुलगी येते, सकाळी पाऊण तास चालते, रात्री गरम पाण्याची पिशवी. दुखणं गेलेलं नाही आणि जाईल असं कुणी मला सांगितलेलं नाही. पण दुपारी डोळे मिटत नाहीत, आणि गेल्या महिन्यात तीनशे पानांचं पुस्तक मी तपासून दिलं.

आता तुझ्याबद्दल. गुडघा बदलला तेव्हा तुला दिलेल्या गोळ्या अर्ध्याहून जास्त उरल्या आणि बाथरूमच्या कपाटात आहेत, असं तूच मागे म्हणाली होतीस. तुझी नात सतरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी येत-जात असतात. एप्रिलअखेरच्या शनिवारी तिकडे उरलेली औषधं परत घेण्याचा दिवस असतो, कुणी नाव-गाव विचारत नाही. पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून याचा फोटो काढून आजच तुला पाठवते आहे. त्या शनिवारी ती बाटली नेऊन दे. दिलीस की मला फोन कर, रात्र असली तरी कर.

मी आज चार गोळ्यांवर आहे.

तुझी धाकटी