ग्योटिंगेनचे रविवार

आमच्या एकत्र कुटुंबात लहानथोर मिळून अकरा माणसे आहेत. या अकरा जणांस एका वेळी एका ठिकाणी बसविणे गणपतीच्या आरतीसही साधत नाही. परंतु रविवारी सायंकाळी साडेसात वाजता ती सर्व ओटीवर जमतात. कारण त्या वेळी जर्मनीतील ग्योटिंगेन या गावाहून माझ्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचा दूरध्वनी येतो. हिवाळ्यात हीच वेळ साडेआठ होते. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी सर्व घड्याळे तासभर पुढे करितात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणितात. पहिल्या वर्षी हे कोणाच्या ध्यानी नव्हते. दूरध्वनी तासभर आधी वाजला, तेव्हा काही तरी विपरीत घडले असे समजून मातोश्रींनी देव पाण्यात घालण्याची तयारी केली होती!

रविवारच का, असे वाचक विचारतील. त्या देशात रविवारी दुकाने बंद असतात. रेल्वेस्थानकावरील एखादे दुकान, पाळीचा औषधविक्रेता आणि सकाळी थोडा वेळ पाववाला, एवढे सोडले तर बाजार सुना. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी नाराज होतात. शनिवारी दूध आणावयाचे राहिले म्हणजे सोमवारपर्यंत कोरा चहा. पहिल्या महिन्यात चिरंजीवाने असा चहा दोनदा घेतला, तिसऱ्यांदा नाही. केरकचऱ्याचाही तेथे शास्त्रार्थ आहे. कागद एका पिंपात, वेष्टने दुसऱ्यात, सालपटे तिसऱ्यात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली की ते पैसे परत मिळतात. अदमासे 25 रुपयांची ही बाटली रस्त्यात कोण टाकील? आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून लगेच माळ्यावरच्या बाटल्या मोजल्या.

तो गेला 2024 च्या शरदात, संख्याशास्त्र शिकावयास. त्या प्रांतातील सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. सहामाहीस काहीशे युरोंची वर्गणी तेवढी पडते. तथापि राहण्याखाण्याचा वर्षभराचा खर्च आधीच तेथील खात्यात ठेवून दाखवावा लागतो. त्या उन्हाळ्यात ही रक्कम 11,208 युरो होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 10 लाख रुपये. त्यातून दरमहा 934 युरो हाती यावयाचे. बंधूंनी कर्ज काढिले. मी माझ्या निवृत्तीच्या पुंजीतून काही घातले. ते कोणत्या कारणाने घातले, हे सांगितल्यावर घरात हशा पिकला. कारण हे, की ग्योटिंगेन हे कीलहॉर्नचे गाव. फ्रान्ट्स कीलहॉर्न 1866 पासून 1881 पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. पुण्याच्या शास्त्रीमंडळींपाशी बसून त्यांनी व्याकरण पक्के केले, पतंजलीचे महाभाष्य शुद्ध करून छापविले, आणि 1882 पासून 1908 साली देहावसान होईपर्यंत ग्योटिंगेनास शिकविले. रामकृष्णपंत भांडारकरांस 1885 साली डॉक्टर ही पदवी याच विद्यापीठाने दिली. मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. कीलहॉर्नचे महाभाष्य मात्र माझ्या उशाशी असते. तेव्हा आपल्या घरचा मुलगा त्या गावी राहणार, एवढ्यानेच मी विरघळलो. त्या गावात नामांकित विद्वान ज्या ज्या घरी राहिले त्या घरांवर त्यांच्या नावाच्या पाट्या लावण्याची चाल आहे. अशा पाट्या 300 हून अधिक आहेत. चिरंजीव दर रविवारी भटकून एकदोन पाट्यांची छायाचित्रे पाठवी.

कर्ज डोक्यावर असल्याने तो एका उपाहारगृहात संध्याकाळी भांडी विसळू लागला. 2025 साली त्या देशात कमीत कमी वेतन ताशी 12 युरो 82 सेंट होते. लोकांची उष्टी भांडी! मला प्रथम हे फार लागले. सौ. म्हणाल्या, "इथे कधी स्वतःचे ताट उचलले नाही, तिथे तरी शिकला." मी गप्प बसलो.

एप्रिल 2025 मधील एका रात्री बाराच्या सुमारास त्याचा दूरध्वनी माझ्या एकट्याच्या नावे आला.

"अण्णा, झोपलात का?"

"नाही. काय झाले?"

"मी त्या एका विषयात दुसऱ्यांदा नापास झालो. बाबांना सांगू नका."

तेथील पुष्कळ अभ्यासक्रमांत आवश्यक विषयाच्या परीक्षेस तीनच वेळा बसता येते. तिसऱ्यांदा अपयश आले की नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम त्या देशात अन्यत्रही सहसा घेता येत नाही. मग कर्ज तेवढे उरावयाचे.

माझ्या जिभेवर आलेले वाक्य मी गिळले. ते वाक्य मी पूर्वी एकदा उच्चारिले होते. गणितात वारंवार अनुत्तीर्ण होणाऱ्या एका विद्यार्थ्यास मी भर वर्गात म्हणालो होतो, "तुझ्याच्याने हे व्हावयाचे नाही." दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी मी एकदा तरी जावयास हवे होते, गेलो नाही.

चिरंजीवास मी एवढेच विचारिले, "जेवलास का?" आणि मग म्हणालो, "बुधवारी रात्री मला हा विषय मराठीत शिकव. मला समजला तर तुला समजला."

अशा रीतीने मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी संख्याशास्त्राचा विद्यार्थी झालो. भाष्यात जशी शंका आणि समाधान चालतात तसा आमचा पाठ चाले. शंका घेण्यात मी कसूर केली नाही. एकदा तो म्हणाला, "अण्णा, वाईच्या घाटावर हजार माणसे उभी करा. त्यांत एकासच रोग आहे. चाचणी त्या एकास अचूक पकडते, पण निरोगी माणसांतील शेकडा पाचांस उगाच रोगी ठरविते. आता चाचणीने ज्याच्यावर बोट ठेविले, तो खरा रोगी असण्याचा संभव किती?" मी मास्तरी थाटात म्हणालो, "शेकडा पंचाण्णव." "नाही, अण्णा. निरोगी 999, त्यांचे शेकडा पाच म्हणजे सुमारे 50. बोट ठेविले गेले एकावन्नांवर, रोगी त्यांतला एक. शेकडा दोनही नाहीत." मला ते दोनदा सांगावे लागले. त्या रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. माझ्या शाळेचा तो वर्ग, आणि तिसऱ्या बाकावरील तो मुलगा, डोळ्यांपुढे होता.

जुलैत तिसरी परीक्षा झाली. ऑगस्टात निकाल लागला: 3.7. तिकडे एक हा अंक सर्वोत्तम, चार ही उत्तीर्णतेची अखेरची पायरी, पाच म्हणजे अनुत्तीर्ण. म्हणजे अगदी उंबरठ्यावरून आत आला. बंधूंनी विचारिले, "पाचांपैकी 3.7 का? बरे आहेत की!" मी मान हालविली. इतक्या वर्षांच्या नोकरीत गुणपत्रिकेविषयी मी कधी असत्य बोललो नव्हतो.

आता तो पुढच्या विषयांत सुखरूप आहे, आणि हे सर्व लिहिण्यास त्याने संमती दिली आहे. बंधूंस ही हकीकत या पानावरूनच कळेल. त्यांनी माझ्यावर रागवावे, मुलावर नाही. मातोश्रींस अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही. घरात जो कोणी त्यांस हा लेख वाचून दाखवील, त्याने उष्ट्या भांड्यांचा मजकूर तेवढा गाळावा.