वंगण

एखादा वक्ता सभा गाजवू लागला की त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती खरी तोफ काही काळ आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 1549 साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्काने ती ओतली आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या लोकांनी ती परंड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन. ओढायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले, असे सांगतात. परंड्याला पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ला दाखवतो, बुरुजांवर उरलेल्या तोफा दाखवतो, आणि जी तोफ तेथे नाही तिचीच हकीगत सर्वांत रंगवून सांगतो. बैलांचा आकडा ऐकून पाहुणे माना डोलावतात. मला मात्र दर वेळी एक खुळा प्रश्न पडतो. विजापूर सरळ रेषेत धरले तरी दीडशे किलोमीटरांच्या वर. मध्ये भीमा आडवी. इतक्या वाटेत घासणाऱ्या लाकडाला वंगण कोण घालत होते? बैलांची संख्या लोकांच्या तोंडी राहिली. वंगणाचे भांडे घेऊन बाजूने चालणारा माणूस राहिला नाही.

असले प्रश्न मला पडतात याला कारण माझे मामा. त्यांचे गाव परंडा तालुक्यातच, सीनेच्या काठी. घरी बाभळीच्या चाकांची गाडी होती. मधोमध तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या पोटात लोखंडी नळी, नळीत आसाचे टोक, आणि चाक निसटू नये म्हणून बाहेरून एक खीळ. गाडीच्या साटीखाली बांबूचे एक नळकांडे कायम लोंबत असे. त्यात एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची काजळी कालवलेली. आम्हां मुलांना त्या नळकांड्याला हात लावायची बंदी होती, आणि म्हणूनच आमचे सदरे त्याच काजळीने भरत.

बार्शीच्या बाजाराला निघायचे म्हणजे मामा आदल्या संध्याकाळी खीळ काढीत, चाक वीतभर बाहेर ओढीत आणि काठीला गुंडाळलेल्या चिंधीने आसाला वंगण चोपडीत. घाई म्हणून ते काम सोडलेले मी कधी पाहिले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा हळद-लोण्याने मळायचा. मोठा हृद्य विधी आहे. पण मामा लोणी लावता लावता म्हणायचे, “वरसातनं एकदा खांदा मळून भागतंय व्हय? आस कोरडा ठिवला, तर हे समदं लोणी वाया गेलं बघ.” आस कोरडा असला की त्याची घासण शेवटी खांद्यावरच येते, हे पदार्थविज्ञान मला पुढे शाळेत शिकवले गेले, परंतु तेव्हा नवीन वाटले नाही.

त्या चाकाची आणखी एक खोड होती. त्याला तहान लागे. उन्हाळ्यात बाभळीचे लाकूड आकसले की धाव सैल व्हायची आणि चालताना खडखडायची. मग मामा चाके काढून रात्रभर सीनेच्या डोहात घालून ठेवत. सकाळी लाकूड फुगून धाव गच्च बसलेली असे. नदी म्हणजे त्या चाकाचे औषधपाणीच.

मामा गेले, गाडीही गेली. त्यांचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, दरसाल दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. त्याची टायरगाडी आहे. दोन टनांच्या पुढे ऊस लादतात तिच्यावर, आणि बैल मात्र दोनच. निघण्यापूर्वी तो चाके खोलतो. गेल्या वर्षी मी ओट्यावर बसून सगळे पाहिले. जॅकवर गाडी उचलून त्याने चाक वरखाली हलवले. कान देऊन फिरवले. मग टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, नट सोडला, आणि तुंबा हातात आला. (तो ‘हब’ म्हणतो, मी अजून तुंबाच म्हणतो, आमचे भांडण नाही.) आत दोन बेअरिंगे असतात, बाहेरचे लहान, आतले मोठे. रॉकेलमध्ये धुऊन त्याने प्रत्येक रोलर उजेडात धरला. पोलाद निळसर पडले असेल तर ते तापलेले. खड्डे पडले असतील तर त्याचे आयुष्य संपले. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचे. एका बाजूने दाबलेले ग्रीस रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला डोकावले की ते ठिकाण भरले. नुसते वरून फासणे म्हणजे पाहुण्यांपुरते घर सारवणे. शेवटी चाक फिरवीत नट आवळायचा, आणि आवळून झाला की किंचित मागे घ्यायचा. गच्च आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुलते. हे ‘किंचित’ कोणत्या पुस्तकात मोजून दिले असेलही. तो ते मनगटाने मोजतो. पिन मात्र नवी. जुनी वाकवून पुन्हा घालणाऱ्यांना तो शिव्या देतो.

हे निमुळत्या रोलरांचे बेअरिंग कोणी मोटारवाल्याने काढले असावे असा माझा समज होता. पण 1898 साली त्याचे पेटंट घेणारा हेन्री टिमकन हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा घोडागाड्या बनवणारा! म्हणजे हा शोधसुद्धा जनावर जुंपलेल्या गाडीच्याच घरातला. मामांना सांगितले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

या चाकाचे पाण्याशी मात्र हाडवैर आहे. चार तास ओझे ओढून हब तापलेला असतो. तशीच गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. गरम दुधाच्या डब्याचे झाकण निवल्यावर कसे घट्ट चिकटते, तोच प्रकार. पाणी मिसळले की ग्रीसचे ताक होते, आणि मग पोलाद गंजायला फार दिवस लागत नाहीत. परदेशात हौशी लोक गाडीवर होडी घालून ती थेट पाण्यात नेतात. त्यांना नेमकी हीच पीडा. त्यांनी त्यावर स्प्रिंगच्या टोप्या काढल्या आहेत, ग्रीस आतून सतत थोडे दाबलेले ठेवणाऱ्या. आमच्याकडे उपाय एकच. ओढ्याच्या अलीकडे बैल सोडायचे, चाक निवू द्यायचे, आणि मग उतरायचे. पण खेपेची घाई असते. आजोबांच्या चाकाचे औषध ते नातवाच्या चाकाचे विष, हे डोक्यात ठेवून अर्धा तास थांबणे सोपे नाही.

न थांबल्याने काय होते तेही त्याने पाहिले आहे. त्याच्या टोळीतल्या एका जोडप्याच्या गाडीचे चाक भरल्या ओझ्यानिशी रात्री उतारावर निखळले. माणसे वाचली, डावा बैल पायात गेला. मुकादमाची उचल डोक्यावर तशीच, आणि बैल नाही. दुसऱ्याची जोडी भाड्याने घेऊन त्यांनी तो हंगाम काढला, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या साली पुन्हा त्याच टोळीत गेले. एक बेअरिंग केवढ्याला येते हे मी विचारले. त्याने सांगितले, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

तेव्हापासून त्याच्या बायकोने एक काम स्वतःकडे घेतले आहे. गाडी थांबली की ती उतरते आणि दोन्ही हबांवर तळहात ठेवते. हात ठेवून धरवला तर ठीक. पोळला तर त्या दिवशी पुढची खेप नाही, मग मुकादम काय म्हणायचे ते म्हणो. नवऱ्याचे तिच्यापुढे चालत नाही.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचा फोन आला. ते फडाजवळच्या कोपीवर होते. मी फराळाचे विचारले. त्याने ‘केलं की थोडं’ म्हणून विषय संपवला. मागून तिचा आवाज आला, “काकांना चाकाचं सांगा की.” मग तो म्हणाला, “उजवं गारच हाय, काका. डावं जरा कोमट लागतंय. उद्या दुपारच्याला खोलून बघतो.”